सुमे, हंसाबाईंना बघ

पुणे, सोमवार

प्रिय सुमे,

काल आईला मोबाइलवर ‘सांगत्ये ऐका’ लावून दिला. बुगडीचं गाणं आलं आणि तिचा हात आपसूक कानाच्या वरच्या कडेला गेला. तिथलं भोक कधीच बुजलंय, पण खूण अजून बोटाला लागते. १९५९ ला आई सतरा वर्षांची होती. विजयानंद टॉकीजला हा सिनेमा जवळजवळ अडीच वर्षं चालला, त्यात काकूबरोबर चारदा गेले म्हणाली. मी विचारलं, त्यातल्या हंसा वाडकर आठवतात का गं? तर म्हणते, “बुगडी जयश्रीबाईंची ना?”

बरोबरच आहे तिचं. गाणं जयश्री गडकरांवरच आहे. पण मला ते लागलं गं. ज्या सिनेमाचं नाव हंसाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथेला दिलं, त्यातही लोकांच्या लक्षात राहिली ती दुसरी. आणि आपल्याला त्या कळल्या त्या त्यांच्याच आयुष्यावर बेतलेल्या ‘भूमिका’तल्या स्मिता पाटीलमुळे. स्मितानं जीव ओतलाय, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. पण तो सिनेमा १९७७ चा. हंसाबाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मूळची ही रतन साळगावकर. तेराव्या वर्षी, १९३६ ला, ‘विजयाची लग्ने’मध्ये उभी राहिली ती घरात पैसा हवा म्हणून. लग्नानंतर तोंडाचा रंग कायमचा पुसून संसार करायचा, एवढीच तिची हौस. तीच पुरी झाली नाही. घर तिच्याच कमाईवर चालायचं, मग तिला घरी बसू कोण देणार?

सुमे, माझं एक ऐक. ‘संत सखू’ आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ लागोपाठ बघ. पहिला प्रभात फिल्म कंपनीचा, १९४१ चा. दुसरा राजकमलचा, १९४७ चा. सखू म्हणजे सासुरवास सोसून पंढरीची आस धरणारी सून. आणि रामजोशीतली बया फडावरची, घुंगरांची. एकच बाई! मराठीत तमाशापटांची लाट आली ती रामजोशीनंतर, आणि पुढे कितीजणींनी नऊवारी नेसून ठसका मारला. पण बयेच्या नखऱ्यात जो आब आहे, तो मला नंतर फारसा कुठे दिसला नाही. लावणी करताना ती कुणाची मर्जी राखत नाहीये, असं वाटत राहतं. १९५० च्या ‘पुढचं पाऊल’मध्ये तर समोर आपले पु. ल. आहेत, तोही जमला तर बघ.

आत्मकथा त्यांनी लिहिली नाही, सांगितली. शब्दांकन अरुण साधूंचं. म्हणून वाचताना बाई शेजारी बसून बोलतायत असं वाटतं. दारू, पुरुष, स्वतःच्या चुका, काहीच झाकलेलं नाही, आणि कुठे रडगाणंही नाही. १९७० ला पुस्तक आलं, १९७१ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. अवघं अठ्ठेचाळीस वय.

काल रात्री ते पुस्तक कपाटातून काढलं. संसाराच्या हौसेबद्दल जिथे आहे, तिथे समासात पेन्सिलीची एक रेघ आहे. आईचीच असणार, दुसरं कुणी आमच्याकडे पुस्तकात रेघा मारत नाही. विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाली, “असेल.”

पुस्तक उद्या कुरिअरनं पाठवते. वाचून झालं की परत दे, आणि ती रेघ तेवढी पुसू नकोस.

तुझी,
शैला