आपली तापी उलटी का वाहते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना स्मार्ट टीव्ही मिळाल्याच्या बातम्या आपल्या पानावर फोटोसह येतात. टीव्ही भिंतीवर लागल्यानंतर वर्गात काय घडतं, हे मात्र वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र. मी चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते.

जुलैत नद्या शिकवत होते. गोदावरी, कृष्णा पूर्वेला. नर्मदा, तापी पश्चिमेला. मागून एकाने विचारलं, "मॅडम, आपली तापी उलटी काबर जास?" मी खचदरी, म्हणजे जमीन खचून झालेली लांब दरी, काय ते सांगितलं, फळ्यावर आकृती काढली. त्याने मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलचं नेट टीव्हीला जोडून गूगल अर्थ उघडलं. आधी आपलं गाव. "हाई आमनं वावर शे!" म्हणत एक मुलगी उठून टीव्हीला बोट लावून आली. मग नदी धरून उगमाकडे निघालो. भुसावळ, चांगदेवचा पूर्णासंगम, बऱ्हाणपूर, थेट मध्य प्रदेशातलं मुलताई. तिथून परत फिरून खाली सारंगखेडा, प्रकाशा, उकाई धरण आणि सुरत. एकूण 724 किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी एकाने पुढे येऊन समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा वाचायचा, बाकीच्यांनी वहीत उतरवायचा. मुलताई साधारण 750 मीटर, भुसावळ 200च्या आसपास, सुरत जेमतेम 10-15.

तेवढ्यात लाइट गेली. पण आकडे वहीत होते, मुलं आलेख काढत बसली. मुलताईपासून बऱ्हाणपूरपर्यंत रेघ भराभर खाली आली आणि पुढे लांबवर जवळजवळ आडवीच गेली. लाइट आल्यावर नदीच्या दोन्ही अंगांना जाऊन पाहिलं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, दोन्हीकडे आकडे चढतच जातात. आदल्या दिवशी प्रश्न विचारणारा मुलगाच म्हणाला, "मग ती दुसरीकडे जाईल कुठून?" माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत असे तास फार थोडे आले.

त्यानंतर गोष्ट सुरतेवर गेली. आमच्या निम्म्या वर्गाचं कोणी ना कोणी तिथे कामाला आहे. 2006च्या पुरात काकांच्या खोलीत पाणी कसं शिरलं, ते एकीने सांगितलं. हे ना पुस्तकात होतं, ना टीव्हीवर.

चांगली साधनं मराठीत आहेत आणि फुकट आहेत. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ घरून उतरवून आणता येतात, वर्गात नेट लागत नाही. फेट (PhET) या विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून बघायच्या साइटवर तारा जोडून बल्ब पेटवायचे प्रयोग मुलं स्वतः करतात. पण वीस मिनिटांचा व्हिडिओ सलग लावला की मुलं गप्प बसतात आणि दुसऱ्या दिवशी काहीही आठवत नाही. मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" असं विचारलं, की वर्ग जागा होतो.

अडचण पुढे आहे. दर आठवड्याला टीव्हीसमोर बसलेल्या मुलांचा फोटो ग्रुपवर टाका, असा वरून निरोप येतो. फोटोत टीव्ही दिसला की काम झालं. मुलांनी काय विचारलं, हे आजवर कुणीही विचारलेलं नाही. नेट माझ्या रिचार्जमधून. वीजबिल, खडू, झाडू सगळं एकाच अनुदानातून भागवायचं. गेल्या वर्षी बिल थकलं म्हणून वीज तोडली, तेव्हा दोन महिने टीव्हीवर चादर घालून ठेवली होती.

माझी मागणी मोठी नाही. टीव्ही दिला तर त्याच्या बिलाची आणि नेटची वेगळी तरतूद करा. फोटो मागणं बंद करा. त्याऐवजी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर महिन्याला एका शिक्षकाने असा एक तास सगळ्यांना करून दाखवावा, फसला असेल तर तोही. शेजारच्या शाळेत काय जमलं ते आम्हाला एकमेकांकडूनच कळणार आहे.

दिवाळीत आमच्या वर्गातली दोन मुलं सुरतेला जाणार आहेत. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी नदीत शिरतं, असं मी सांगितलंय. तापी तिथे खरंच उलटी चढते का, ते काठावर उभं राहून बघायचं आणि वेळेसकट वहीत लिहून आणायचं, असं दोघांनी कबूल केलंय.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव