सम शून्यावर येते

अंबाजोगाई

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "तिशी आली, हात तबल्यात गेले, आता कोडिंग जमंल का?" गडबडीत मी "जमतंय की" म्हणून मोकळा झालो. रात्रभर ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

क्लासचं आधी सांगतो. उसनवारी करून लातूरला सहा महिने क्लास केला. सर पडद्यावर कोड दाखवायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. बोल वहीत उतरवून कुणाचा हात तयार झालाय का, दत्ता? माझाही झाला नाही.

घरी परतलो आणि ठरवलं, आपल्याला लागतं तेच बनवायचं. रियाजाला ठेका धरून देणारं एक पान, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालणारं. जावास्क्रिप्ट शिकलो ती त्यापायी. तीनतालाच्या १६ मात्रा ओळीनं मांडल्या. तिथं मोजणी शून्यापासून, म्हणजे पहिल्या मात्रेची सम ० वर आणि नवव्या मात्रेची 'खाली' ८ वर. पहिला आठवडा मी याच्यातच अडखळलो.

ठेका वाजू लागला. दोन-तीन आवर्तनं झाली आणि कान टवकारले: लय हलतेय. कोड पुन्हा पुन्हा वाचला, चूक दिसेना. सेटइंटरव्हल म्हणजे ठरावीक वेळानं तेच काम पुन्हा करायला लावणारी जावास्क्रिप्टची सोय; तिला दर ५०० मिलिसेकंदांनी बोल वाजवायला सांगितलं होतं. पण ब्राउझर दुसऱ्या कामात गुंतला की तो बोल उशिरा पडतो. हे मला पुस्तकानं नाही, कानानं सांगितलं. मग शोधता शोधता वेब ऑडिओ सापडलं, ब्राउझरमधलीच आवाजासाठीची सोय. त्याचं घड्याळ वेगळं, आवाजाच्या यंत्रणेचं. पुढचे दोन-चार बोल त्या घड्याळावर आधीच नेमून ठेवायचे. तीनदा वाजवून समेवर येणारी तिहाई हातात येण्याआधी डोक्यात बसलेली असते ना, अगदी तसंच. तीन आठवडे गेले, पण ठेका असा बसला की बाबांनी पखवाज काढला आणि त्यावर अर्धा तास वाजवलं.

संभाजीनगरला मुलाखतीत मी तेच पान उघडलं. आधी बिघडलेला ठेका ऐकवला, मग दुरुस्त केलेला. त्यांनी डिग्रीपेक्षा त्याबद्दलच जास्त विचारलं. सुरुवातीचा पगार लग्नसराईतल्या कार्यक्रमांपेक्षा कमी होता, हे तुला माहीत असलेलं बरं. वर्षभर ओढाताण झाली.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. एमडीएन या वेबसाइटवर जावास्क्रिप्टचं सगळं लिहिलेलं आहे. रोज एक पान, हळूहळू वाच. आणि तुझ्या गुरुजींच्या तबल्याच्या कायद्यांची, त्या बांधीव बोलरचनांची, ती लाल वही, कोपरे झिजलेली, तिच्यापासूनच सुरुवात कर. ताल आणि घराणं निवडलं की कायदा त्याच बोलांच्या पलट्यांसकट समोर यावा, एवढंच बनव. ते काम तुझ्याइतक्या जिवानं कुणी करणार नाही, आणि अडलास तरी तू ते अर्ध्यात टाकणार नाहीस.

तबला मात्र विकू नकोस. परभणीत गिऱ्हाईक बघतोयस असं वहिनी म्हणाल्या, ते ऐकून जीव गलबलला.

मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवाला ये. वही आण, डग्गाही आण. दोन दिवस राहा. पहिलं पान आपण दोघं मिळून उभं करू.

तुझाच,
माधव