मंगळवारची सफारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मुलांना घेऊन ताडोब्याला जाण्याचा लेख वाचला. सोमवारी नागपुरात मुक्काम, मंगळवारी पहाटे मोहर्ली गेटवरून कोअरची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याची सफारी, असा बेत त्यात आखून दिला आहे. बेत झकास, फक्त मंगळवारी ताडोब्याचं कोअर बंद असतं. दर मंगळवारी. चंद्रपुरातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

शिवाय मुक्काम नागपुरात का? तिथून मोहर्ली सुमारे 140 किलोमीटर. उन्हाळ्यात गेट साडेपाचच्या सुमारास उघडतं, त्याआधी बुकिंगमध्ये दिलेली मूळ ओळखपत्रं तपासली जातात. म्हणजे मुलांना रात्री दीडला उठवायचं. ती वाघ बघतील की पेंगतील? ज्या गेटचं बुकिंग, मुक्काम त्याच गेटजवळ हवा. कोलारा गेट मिळालं तर चिमूरच्या बाजूला राहा. ‘ताडोब्याजवळ’ एवढंच पाहून मोहर्लीचं रिसॉर्ट घेतलंत, तर पहाटे अंधारात जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागेल.

मुलांच्या हाती मोबाइल द्या, फोटो काढतील, हा सल्लाही थोरच! कोअरमध्ये मोबाइलला बंदी आहे. कॅमेरा चालतो.

जे लिहायला हवं होतं ते मात्र राहिलं. सफारी चारेक तासांची, मधे गाडीतून उतरता येत नाही, शौचालय ठरावीक जागीच. म्हणून निघताना पोरांना पेलाभर दूध पाजू नये. कोरडं काहीतरी खायला घालावं, पाणी घोटघोट द्यावं. जिप्सीत मागची सीट चाकांवर येते, धक्के आणि धूळ तिथेच जास्त. लहानांना मधल्या सीटवर बसवावं. मे महिन्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरं, पण पारा 45 च्या घरात आणि जिप्सीला छप्पर नाही. मुलं असतील तर दुपारची फेरी नकोच. डिसेंबरात उलट: पहाटेच्या फेरीला कानटोपी आणि ब्लँकेट लागतं.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोखाली ‘ताडोब्यातील बिबट्या’ असं छापलंय. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेला तो प्राणी चित्ता आहे. चित्ते 2022 साली नामिबियातून मध्य प्रदेशात, कुनोला आणले. तिथल्या सहलीवर लेख येणार असेल, तर ते उद्यान कोणत्या वारी बंद असतं हे आधी विचारून घ्यावं.

– एक वाचक, चंद्रपूर