बाबा, उजवी बाजू राहिलीय

ती. आई आणि बाबा,
सा. न.

काल फोनवर आई म्हणाली, बाबा आता कळण्याची भाकरी भरितात कुस्करूनच खातात आणि चूळ भरली की बेसिन लाल होतं. बाबा, दिवाळीत डॉक्टरांनी डावी बाजू साफ केली, उजवीला तुम्ही गेलाच नाहीत. "दुखत नाही, मग कशाला?" अहो, हा हिरड्यांचा आजार दुखत नाही म्हणूनच दात हलेपर्यंत कळत नाही.

साफ केल्यावर फटी दिसल्या, थंड पाणी झोंबलं, म्हणून तुम्हाला वाटलं मशीनने दात खिळखिळे झाले. त्या फटी आधीच होत्या, कीटणाने, म्हणजे दातांवर साचलेल्या कडक थराने बुजलेल्या. त्या कीटणाखाली, हवा न पोचणाऱ्या जागेत, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिससारखे जिवाणू वाढतात. आपण दिवसाला साधारण लिटरभर लाळ गिळतो आणि तिच्याबरोबर तेही पोटात जातात. जठरातलं आम्ल बहुतेकांना मारतं. पण तुमची ॲसिडिटीची रोजची गोळी ते आम्लच कमी करते, आणि अशी गोळी घेणाऱ्यांच्या आतड्यात तोंडातले जिवाणू जास्त सापडतात. मला खरी काळजी त्याची आहे. (गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारू.)

मुळापर्यंतचं कीटण काढलं की हिरडी पुन्हा दाताला धरते, रक्त थांबतं, लाळेतले हे जिवाणूही घटतात. २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात लिव्हर सिरोसिसच्या रुग्णांच्या फक्त हिरड्यांवर उपचार केले, तर आतड्यातल्या जिवाणूंचा बिघाडही कमी झाला. तुमच्या शुगरलाही फायदा आहे. अशा उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी) सरासरी ०.४ ने उतरते. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने हे होणार नाही. कीटणाच्या थरात ती नीट शिरत नाही, उलट पोटातले चांगले जिवाणू मारते.

आई, मशेरीतल्या तंबाखूने हिरड्यांतून रक्त कमी येऊ शकतं, म्हणून तुझ्या हिरड्या बऱ्या दिसत असतील. आजार झाकलेला असू शकतो. तूही दाखव.

शुक्रवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने भुसावळला उतरतेय, तिथून फैजपूरला येते. शनिवारी अकराची वेळ घेतली आहे, दोघांची. बाबा, त्या दिवशी केळीला पाणी सोडायला दुसऱ्या कुणाला सांगून ठेवा.

तुमची,
ताई