मृत्यूचे मूळ कारण दाखल्यावर येतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरीब देशांचे उत्पन्न वाढले की तिथले मृत्यूदर आपोआप खाली येतात, असे आर्थिक पानांवर वरचेवर वाचतो. माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या नोंद विभागात गेली. मृत्यूचे दाखले तपासायचे, कारणाला आयसीडीचा (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा) सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि आकडे वर पाठवायचे, एवढेच काम. त्या अनुभवावर चार ओळी लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेल्या दाखल्यात कारणे एकाखाली एक लिहायची असतात. वर तात्काळ कारण, खाली ते कशामुळे उद्भवले, त्याखाली तेही कशामुळे. तळाच्या ओळीत लिहिले ते मूळ कारण, आणि आकडेवारीत सहसा तेच धरतात. (घाईतले डॉक्टर ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहून मोकळे होतात. हृदय चालू ठेवून आजवर कोण गेले आहे? असे कागद मी उलटटपाली परत करत असे.) लहान मूल जुलाबाने दगावले, तर वर ‘शरीरातील पाणी कमी होणे’, खाली ‘जुलाब’, क्रमांक ए-०९. काम संपले. त्याला इतक्या उशिरा का आणले, पैसे जमवण्यात वेळ गेला की दवाखान्यात न्यायचे हे ठरवणारा माणूसच घरी नव्हता, यासाठी रकाना नाही. मीठ, साखर आणि पाण्याचे मिश्रण अशी मुले वाचवते, हे १९७० च्या दशकापासून सिद्ध झालेले आहे. तरीही मूल गेले, तर ‘जुलाब’ हे उत्तर मला अर्धवट वाटते.

उत्पन्नाला किंमत नाही, असे मी म्हणत नाही. अगदी गरीब देशात थोडी मिळकत वाढली तरी आयुर्मान झपाट्याने वाढते. पण हा संबंध मांडणाऱ्या लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनीच १९७५ साली दाखवले, की १९३० ते १९६० च्या दशकांत जगाचे आयुर्मान जे वाढले, त्यातला फार थोडा वाटा उत्पन्नवाढीचा होता. दुसरे लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांना नायजेरियात १९७९ साली आढळले, की बापाचा व्यवसाय कोणताही असो, आई शिकलेली असेल तर मुले जास्त जगतात. शिकलेली आई वेळ न घालवता निघते, नर्सला प्रश्न विचारते, औषध पुरते देते आणि गुण आला नाही तर पुन्हा येते. पुढे १९८६ साली त्यांनी देशांची तुलना केली. श्रीलंका, कोस्टारिका आणि आपल्याकडचे केरळ तुटपुंज्या उत्पन्नात पुढे होते, तर तेलाचा पैसा असलेले कित्येक देश मागे. त्या मागच्यांत ओमानही होता. १९७० साली तिथे औपचारिक शाळा तीनच होत्या, त्याही मुलग्यांच्या. नंतर तेलाचा पैसा शाळा आणि दवाखान्यांकडे वळला, मुली शिकू लागल्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या मानव विकास अहवालात चाळीस वर्षांत सर्वाधिक प्रगती केलेला देश म्हणून ओमानचे नाव पहिले आले. पैसा नुसता असून भागत नाही, तो कुठे जातो ते पाहावे लागते.

जिथे बहुतेक मृत्यू घरीच होतात, तिथे ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ करतात. कार्यकर्ता घरी जाऊन, माणूस कशाने गेला ते नातेवाइकांना विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या प्रश्नावलीत लक्षणांखेरीज आणखीही काही प्रश्न आहेत. उपचारांची गरज आहे की नाही, याबद्दल घरात शंका होती का? घरून जवळच्या रुग्णालयात पोचायला दोन तासांहून जास्त लागतात का? मदतीसाठी फोन केला होता का? उपचारांच्या खर्चापायी घरातले बाकीचे खर्च अडले का? मला दाखल्यावर हवी होती ती खालची ओळ नेमकी इथे सापडते.

गंमत अशी, की माणूस रुग्णालयात मेला तर हे कोणी विचारत नाही. वास्तविक तिथे नातेवाईक समोरच बसलेले असतात. दाखल्यासोबत हेच चार प्रश्न जोडले, तर ते विचारायला डॉक्टरही लागणार नाही. माझ्यासारखा लिपिक पुरे. ते सक्तीचे व्हावेत आणि त्यांची उत्तरे आजारांच्या तक्त्याशेजारीच छापली जावीत, एवढीच मागणी.

— एक निवृत्त नोंद लिपिक