अमळनेरच्या भाऊंना, एक फंक्शन कमी केल्याबद्दल

भाऊ,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानू लागलो की तुम्ही विषय कपाशीच्या भावावर नेता, म्हणून हे उघडं पत्र.

चोपड्याकडच्या केळीच्या बागेत पंप चालवणारा आमचा लिनक्स बोर्ड तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे पंपाचं हार्डवेअर हाताळणारा कोड, आमच्या हाती आला तेव्हा चूक शोधायच्या प्रत्येक डीबग संदेशापुढे तारीख, तास, मिनिटं छापायला वेगळं फंक्शन, मजकूर साठवायला वेगळा बफर, सगळं साग्रसंगीत होतं. तरी लॉग वाचून काही कळेना. बोर्डावर बॅटरीचं घड्याळ नाही. शेतीच्या फीडरची वीज गेली-आली की तो नव्याने सुरू होतो आणि नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत 1 जानेवारी 1970 धरून बसतो. एकाच लॉगमध्ये वरचे संदेश 1970 चे, खालचे आजचे. पंप सुरू व्हायला किती वेळ लागला हे त्यातून कोण काढणार?

तुम्ही कोड पाहिला आणि म्हणालात, "इतलं कसाले?"

लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) संदेश छापणारा प्रिंट-के (printk) स्वतःच चौकटी कंसात बोर्ड सुरू झाल्यापासूनची वेळ लावतो: सेकंद, टिंब, पुढे सहा अंक. आत मोजणी नॅनोसेकंदांत. एक अब्जाने भागलं की सेकंद, उरलेल्या बाकीला हजाराने भागलं की मायक्रोसेकंद. तारखेशी संबंधच नाही, त्यामुळे घड्याळ 1970 वरून आजवर आलं तरी हा आकडा आपला सरळ पुढे जातो. 32-बिट एआरएम प्रोसेसरवर 64-बिट संख्येचा साधा भागाकार लिहिला तर कोडचे तुकडे जोडणारा लिंकर अडतो, म्हणून तिथे भागाकाराला कर्नलचा तयार मॅक्रो, डू-डिव्ह (do_div). तो भागाकार त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि परत देतो ती बाकी, हे तुम्ही ओळीवर बोट ठेवून समजावलंत. (असा मॅक्रो करणाऱ्याला वाचणाऱ्याची दया नव्हती, हे माझं मत मात्र कायम आहे.)

आमचं फंक्शन गेलं, बफर गेला. तारीख हवी तर कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेज (dmesg) कमांडला कॅपिटल टी (-T) जोडायचा. बोर्ड स्लीपमध्ये जाऊन उठला तर ती तारीख चुकते, हेही तुम्ही आधीच बजावलंत. आमचा बोर्ड झोपत नाही, म्हणून निभतं. खरी मजा त्याच कमांडच्या स्मॉल डीची (-d), तो दोन संदेशांमधला वेळ दाखवतो: पंप चालू करणाऱ्या रिलेला दिलेली आज्ञा आणि पाण्याच्या सेन्सरचा इंटरप्ट (त्याने प्रोसेसरला दिलेली हाक) यांतलं अंतर आयतं समोर येतं.

पैशांचं विचारलं तर रागावलात. केळीच्या घडाला तरी नाही म्हणू नका.

आता उरलं डायनॅमिक डीबग, म्हणजे हवे तेवढेच डीबग संदेश चालू-बंद करणं. वहिनींना सांगून ठेवा, रविवारी फोन लांबणार आहे.

आपला,
चोपड्याचा पंपवाला