एफडी मोडू नका

आई-बाबा,

काल फोनवरच सांगणार होतो पण तुमच्याकडे पाहुणे आले आणि खरं तर मलाच धीर झाला नाही, म्हणून लिहितोय. नवीन जॉबसाठी सिक्युरिटी क्लिअरन्सचं, म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीचं चाललंय ना, आता अमेरिकेचा सिटिझन झालोय म्हणून ते होऊ शकतं, त्याचा फॉर्म आहे, एसएफ-86, शंभरावर पानं. कुठे राहिलात, कोणाला ओळखता, सगळं. त्यातला 26 नंबरचा सेक्शन पैशांचा. गेल्या 7 वर्षांत कुठलं बिल कलेक्शन एजन्सीकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्यांकडे गेलं का, कुठलं देणं 120 दिवसांच्या वर थकलं का. तिथे मी अर्धा तास नुसता बसून होतो, कारण उत्तर "हो" आहे.

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आठवतं? तेव्हा म्हटलं होतं इन्शुरन्सने सगळं दिलं. नाही दिलं. नोकरी गेली तसा इन्शुरन्सही गेला होता, 11,400 डॉलरचं बिल आलं, मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं, मग पुढचं आलं तेही तिथेच. बाबा, तुम्ही दूधवाल्याचे खाडेसुद्धा कॅलेंडरवर मांडणार आणि तुमचा मुलगा वर्षभर पाकिटं फोडत नव्हता.

आता कर्जाचा आणि देशाच्या गुपितांचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. तर इथे आल्ड्रिच एम्स म्हणून सीआयएचा, इथल्या गुप्तहेर खात्याचा माणूस होता, घटस्फोट, डोक्यावर देणी, 1985 ला सोव्हिएतला माहिती विकायला लागला आणि पकडला कधी तर 1994 ला, तोवर किती जणांचे जीव गेले. अडकलेल्या माणसाला पैशाने वळवता येतं ही भीती, आणि दुसरं म्हणजे ज्याला स्वतःची बिलं सांभाळता येत नाहीत तो नियम काय सांभाळणार. पण इतक्या डॉलरच्या वर गेलं की बाद, असा आकडा नाहीये. कर्ज कशामुळे झालं आणि नंतर तुम्ही काय केलंत ते बघतात. नोकरी जाणं, अचानक आजारपण, ही कारणं त्यांच्या नियमातच धरलीत. ड्रॉवर धरलेला नाही :) आणि लपवलं तर ते कर्जापेक्षा वाईट, क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्ज-देण्यांची नोंद, काढतातच ते. म्हणून सगळं लिहून टाकलं. सरकारला सांगितलं आणि तुम्हाला नाही, हे मात्र बरं वाटेना.

हॉस्पिटलशी बोलून महिन्याला 350 डॉलरचा हप्ता ठरवलाय, 8 भरले, पावत्या फाईलला लावल्यात. बाबा, तुम्ही आत्ता शर्ट अडकवून बँकेत निघाला असाल, बसा खाली. एफडी मोडू नका. परदेशातले नातेवाईक, म्हणजे तुम्ही, आणि तिथले पैशांचे व्यवहार ते वेगळे तपासतात, त्यात अजून एक भर नको. आणि माझं मलाच फेडू दे.

आई, फॉर्मवर तुमच्या दोघांच्या जन्मतारखा पण लागतात. तुझ्या पासपोर्टवर 1 जून आहे, शाळेत मास्तरांनी टाकलेली, मी तीच लिहिलीय. पण खरी कुठली गं? आजी नुसतं दिवाळीच्या आधी म्हणायची. इंटरव्ह्यूत विचारलं तर काय सांगू?

तुमचा,
बाळू